साथीच्या काळातील धक्का आणि हजेरीपट

(जेटी, धक्के आणि नौकातळ यांच्या परिसरात कामे देणारे मालक व कंत्राटदार, बंदर विभागाचे कर्मचारी आणि किनाऱ्यावरील ग्रामपंचायतींचे सदस्य यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)

१९१८ सालच्या जून महिन्याच्या १० तारखेस मुंबईच्या पोलीस रुग्णालयात सात शिपाई तापाने आजारी म्हणून दाखल झाले. ताप हिवतापाचा नव्हता. या सातांपैकी एकाची नेमणूक गोदीवर होती. पुढच्या दहाबारा दिवसांत एका जहाज कंपनीतील नोकरवर्ग, त्यानंतर पोर्ट ट्रस्ट, बँक, तारखाते, टांकसाळ आणि गिरण्या अशा क्रमाने माणसे अंथरुणाला खिळत गेली. इन्फ्ल्युएंझाच्या ज्या साथीने पुढे हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक बळी घेतले, तिचा मुंबईतील आरंभ असा झाला.

या क्रमाकडे बारकाईने पाहिले तर एक गोष्ट ध्यानात येते. साथ गल्लीबोळांच्या नकाशावरून चालली नाही, ती कामाच्या ठिकाणांवरून चालली. धक्क्यावरून कचेरीत, कचेरीतून पेढीत, पेढीतून कारखान्यात. कामावर येणारा माणूस तिचे वाहन झाला आणि तिचा पहिला बळीही तोच झाला. साथीचा विचार रुग्णालयापासून सुरू करण्याची आपली सवय आहे. किनाऱ्यावरील जिल्ह्यांत तरी तो हजेरीपटापासून सुरू व्हावयास हवा, हे आजच्या विवेचनाचे सूत्र आहे.

जुना कायदा आणि त्याचे मौन

धक्का आणि साथ यांचे नाते मुंबईला नवे नाही. सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचा रुग्ण ओळखला तो मांडवी भागात. हा भाग गोदीला लागून असलेला, धान्याच्या वखारींचा व हमालांच्या दाट वस्तीचा. त्या साथीतून ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग अधिनियम संमत झाला. अवघ्या चार कलमांचा हा कायदा. सरकारला वाटेल ते निर्बंध घालण्याचा अधिकार, बंदरात येणारी जहाजे तपासण्याचा अधिकार, आज्ञाभंगाला शिक्षा आणि सद्हेतूने काम करणाऱ्या अधिकाऱ्यास संरक्षण, एवढाच त्याचा पसारा. मालकाने कामगाराचे काय करावे, काम बंद राहिले तर मजुरीचे काय, कामावर रोग जडला तर घरच्यांनी कोणाकडे पाहावे, याविषयी त्यात एक अक्षरही नव्हते.

कायदा मौन असला तरी बाजार गप्प बसला नाही. प्लेगच्या भीतीने लाखो माणसे मुंबई सोडून गेली. महिनामहिना पगार अडकवून ठेवण्याची पद्धत असलेल्या गिरण्यांना माणसे टिकविण्यासाठी रोजच्या रोज मजुरी मोजून देण्याची पाळी आली. कामगाराला हक्क नव्हता, पण काही काळ त्याला किंमत आली. साथ ओसरताच तीही ओसरली. कायद्याने दिलेली गोष्ट आणि टंचाईने दिलेली गोष्ट यांतील फरक यापेक्षा स्पष्ट करून सांगणे कठीण आहे.

गोदीतील माणसाचे नाव वहीत चढण्यास त्यानंतर अर्धे शतक लागले. तोपर्यंत काम टोळीवाल्याच्या आणि मुकादमाच्या मर्जीवर चाले. जहाज लागले की धक्क्यावर गर्दी करायची, मुकादमाने बोट दाखविले तर काम, नाहीतर घर. १९४८ च्या गोदी कामगार (रोजगाराचे नियमन) अधिनियमाने कामगारांची नोंदणी करून पाळीने काम देण्याची पद्धत आणली. महाराष्ट्राने १९६९ मध्ये माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा केला आणि मालक रोज बदलत असला तरी कामगार मंडळाच्या वहीत कायम राहील अशी सोय केली. हा विचार देशात अगदी वेगळा होता. त्याचे मोल साथीच्या काळात किती मोठे ठरते याची कल्पना तो करणाऱ्यांनाही कदाचित नसेल. सुरक्षिततेपुरते पाहिले तर १९८६ चा गोदी कामगार (सुरक्षितता, आरोग्य व कल्याण) अधिनियम १५ एप्रिल १९८७ पासून अंमलात आला. मोठ्या बंदरांत केंद्र शासन आणि इतर बंदरांत राज्य शासन अशी त्याच्या अंमलबजावणीची विभागणी होती.

२०२० चा मार्च महिना

जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्च २०२० रोजी कोविड-१९ ही जागतिक साथ असल्याचे जाहीर केले. महाराष्ट्र शासनाने १८९७ च्याच अधिनियमाखाली १३ मार्चपासून उपाययोजना लागू केल्या व दुसऱ्या दिवशी नियम प्रसिद्ध केले. नेमक्या याच वेळी, १५ मार्चला, भाऊचा धक्का ते मांडवा ही रो-रो नौकासेवा सुरू झाली. अनेक वर्षे वाट पाहिलेली ही सेवा काही दिवसांतच बंद ठेवावी लागली आणि ऑगस्टमध्ये पुन्हा सुरू झाली. नवी नौका, नवा धक्का, नव्याने नेमलेली माणसे आणि प्रवासी मात्र नाहीत, अशी ती अवस्था होती. गेटवेपासून मांडव्यापर्यंत आणि खाड्यांतील छोट्या तरींपर्यंत साऱ्याच लाँचमालकांपुढे एकच प्रश्न उभा राहिला : उत्पन्न बंद असताना सारंग, खलाशी, तिकीट देणारा आणि रात्रीचा राखणदार यांना पगार द्यावयाचा की नाही?

२५ मार्चपासून देशव्यापी टाळेबंदी आली ती २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन अधिनियमाखाली. २९ मार्चच्या आदेशाने केंद्रीय गृह मंत्रालयाने सर्व मालकांना बंद काळातील वेतन कोणतीही कपात न करता ठरल्या दिवशी देण्यास फर्माविले. हा आदेश १८ मेपासून अस्तित्वात राहिला नाही. मधल्या पन्नासएक दिवसांचे काय, हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. १२ जून २०२० रोजी न्यायालयाने मालक व कामगार यांनी आपसांत वाटाघाटी करून तोडगा काढावा, राज्यांच्या कामगार विभागांनी त्यास साहाय्य करावे आणि मालकांविरुद्ध सक्तीची कारवाई करू नये, असे निर्देश दिले. अनेक मालकांनी याचा अर्थ ‘सुटलो’ असा घेतला. तो चुकीचा होता. न्यायालयाने देणे माफ केले नव्हते, वाटाघाटीची वाट दाखविली होती. ज्या कामगाराजवळ नेमणुकीचा कागद होता तो वाटाघाटीस बसू शकला. ज्याच्याजवळ काहीच नव्हते त्याने कोणाशी आणि कशाच्या आधारे बोलावे?

दुसरा निर्णय याहून महत्त्वाचा आहे आणि मालकवर्गाने तो नीट समजून घ्यावयास हवा. साथीचे कारण देऊन गुजरात शासनाने १७ एप्रिल २०२० रोजी कारखान्यांना कामाच्या तासांच्या मर्यादेतून सूट दिली. दिवसाला बारा तास काम आणि जादा कामाला दुप्पट नव्हे तर नेहमीच्याच दराने मजुरी, असे त्या सवलतीचे स्वरूप होते. १ ऑक्टोबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द ठरविली. साथीमुळे आलेली आर्थिक मंदी ही कारखाने अधिनियमातील ‘सार्वजनिक आणीबाणी’ नव्हे, आणि साथीचा भार कामगाराच्या घामावर टाकता येणार नाही, असा त्या निकालाचा आशय होता. जादा कामाचे पैसे कायदेशीर दराने देण्याचा आदेशही झाला. साथ आली म्हणून कामगार कायदा आपोआप झोपी जात नाही, हे या निकालाने पक्के केले.

तरीही एक गोष्ट सांगणे प्राप्त आहे. पुढे आलेल्या व्यावसायिक सुरक्षितता, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० मध्ये सार्वजनिक आणीबाणी, आपत्ती व जागतिक साथ अशा प्रसंगी शासनास एक वर्षापर्यंत सूट देण्याचा अधिकार स्पष्ट शब्दांत दिलेला आहे. न्यायालयाने जुन्या शब्दाचा जो अर्थ नाकारला त्यासाठी नवा शब्द आला. म्हणजे पुढच्या साथीत प्रश्न निराळ्या रीतीने उभा राहील. सूट देण्याचा अधिकार शासनाचा आहे, मालकाचा नव्हे. अधिसूचना निघेपर्यंत पूर्ण कायदा लागू राहतो आणि निघाली तरी तिच्यात लिहिले असेल तेवढ्यापुरतीच सूट मिळते. धक्क्यावरची माहिती बहुधा तोंडोतोंडी पसरते. ‘सगळे माफ झाले आहे’ असे कोणी सांगितले तर कागद मागून पाहावा.

पैसा कोणाच्या घरी पोहोचला

एप्रिल २०२० च्या अखेरीस केंद्रीय नौवहन मंत्रालयाने मोठ्या बंदरांना कोविडने मृत्यू पावणाऱ्या बंदर कर्मचाऱ्याच्या वारसांना ५० लाख रुपये सानुग्रह साहाय्य देण्याची मुभा दिली. बंदराने थेट नेमलेले कंत्राटी कामगार आणि इतर कंत्राटी कामगार यांचाही त्यात समावेश होता. कंत्राटी माणसाच्या प्राणाची किंमत कायम कर्मचाऱ्याइतकीच धरली गेली, ही गोष्ट नोंदण्यासारखी आहे. ही तरतूद मात्र मोठ्या बंदरांपुरती होती. मुंबई आणि न्हावा-शेवा यांच्या कुंपणाबाहेर, महाराष्ट्र सागरी मंडळाच्या अखत्यारीतील लहान बंदरांत आणि जेट्यांवर लाँच चालविणारा सारंग तिच्यात बसत नव्हता.

राज्य कर्मचारी विमा महामंडळाने २०२१ मध्ये कोविड साहाय्य योजना आणली. विमाधारक कामगार कोविडने मृत्यू पावल्यास त्याच्या सरासरी दैनिक वेतनाच्या ९० टक्के रक्कम अवलंबितांना दरमहा मिळण्याची तिच्यात सोय होती. अट अशी की, रोगनिदानाच्या निदान तीन महिने आधी त्याची नोंदणी झालेली असावी आणि आधीच्या वर्षात किमान ७० दिवसांची वर्गणी भरलेली असावी. भविष्य निर्वाह निधीशी जोडलेल्या विम्याची कमाल रक्कम २८ एप्रिल २०२१ पासून ७ लाख झाली. या दोन्ही योजना चांगल्या होत्या. पण दोन्हींच्या दारावर एकच प्रश्न विचारला जाई : नाव कधी नोंदविले? साथ आल्यावर नोंदविलेले नाव उपयोगी पडत नव्हते.

नाव नोंदविण्यात अडचण कोठे येते हे क्रीडानौकांच्या तळावर, ज्याला आता सर्वत्र मरिना म्हणतात त्या ठिकाणी, ठळकपणे दिसते. तळाचा चालक काही माणसे नेमतो. नौकांचे मालक आपापला एकदोन खलाशी ठेवतात. डिझेल भरणारा एका कंत्राटदाराचा, राखणदार दुसऱ्याचा, नौकेचा तळ खरवडणारा पाणबुड्या कोणाचाच नाही, बोलावले की येणारा. सकाळी आठ वाजता त्याच एका धक्क्यावर साठसत्तर माणसे एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून वावरत असतात. कायद्याच्या पानावर मात्र कोणाकडेच दहा माणसे नसतात. रोग एका आवारात पसरतो, पण कायदा मालकामालकांची स्वतंत्र मोजणी करतो. जुन्या प्रवासी जेट्यांवरही हेच चित्र आहे, फक्त नौका वेगळ्या.

या फटीतून बाहेर पडण्यास काही वाटा आहेत. पहिली वाट भरपाईच्या कायद्याची. १९२३ च्या कायद्यातील व्यावसायिक रोगांच्या यादीत पहिलाच गट संसर्गजन्य रोगांचा होता. रुग्णालये व प्रयोगशाळा यांतील काम त्यात होतेच. पण त्याबरोबर ‘संसर्गाचा विशेष धोका असलेले इतर काम’ असेही शब्द होते, आणि आता सामाजिक सुरक्षा संहितेच्या अनुसूचीत ते पुढे चालू राहिले आहेत. परगावच्या शेकडो उतारूंच्या हाताला हात देऊन त्यांना नौकेत चढविणाऱ्या खलाशाचे काम या शब्दांत बसते की नाही, हा पुराव्याचा प्रश्न आहे. त्या दिवशी तो कामावर होता, त्याच्या फेरीत इतके उतारू होते, त्याच नौकेवरील आणखी दोघे त्याच आठवड्यात आजारी पडले, ही नोंद कोठे असेल? हजेरीपटात आणि फेऱ्यांच्या वहीत. मालकाला वाटते की नोंद न ठेवल्याने जबाबदारी टळते. प्रत्यक्षात नोंद नसेल तर आपण काळजी घेतली होती हेही त्याला सिद्ध करता येत नाही.

दुसरी वाट नव्या संहितांची. चारही कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आल्या असून १९८६ चा गोदी कामगारांचा कायदा, १९७० चा कंत्राटी कामगारांचा कायदा व १९७९ चा आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा कायदा हे सुरक्षितता संहितेत विलीन झाले आहेत. त्या संहितेत आस्थापनेसाठी साधारणतः दहा कामगारांची मर्यादा असली तरी गोदीचे काम चालते ते बंदर व त्याचा परिसर यांना ही संख्येची अट नाही. प्रत्येक कामगारास नेमणूकपत्र देणे मालकावर बंधनकारक आहे. कंत्राटी कामगारांच्या कल्याणकारी सोयी पुरविण्याचे दायित्व मुख्य मालकाचे आहे. पिण्याचे पाणी, हात धुण्याची जागा, शौचालय व प्रथमोपचार या गोष्टी ‘तो कंत्राटदाराचा माणूस आहे’ असे म्हणून टाळता येणार नाहीत. कामगारालाही हक्क आहे : जिवाला वा आरोग्याला नजीकचा धोका वाटल्यास तो मालकाला व त्याच वेळी निरीक्षकाला कळवू शकतो, आणि मालकास धोका पटल्यास त्याने ताबडतोब उपाय करावयाचा असतो. आज्ञाभंग व संसर्ग पसरविणारा निष्काळजीपणा यांची जुनी भारतीय दंड संहितेतील १८८, २६९ व २७० ही कलमे १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत अनुक्रमे २२३, २७१ व २७२ या क्रमांकांनी आली आहेत. कचेऱ्यांतील जुन्या छापील नमुन्यांत अजूनही आधीचेच आकडे आढळत असतील तर ते बदलून घ्यावेत.

पाण्याच्या काठावरची दक्षता

१५ एप्रिल २०२० च्या गृह मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचनांत कामाच्या ठिकाणांसाठी एक पद्धती घालून दिली होती. ताप तपासणे, हात धुण्याची सोय, दोन पाळ्यांमध्ये एक तासाचे अंतर, जेवणाच्या वेळा विभागणे, दहा किंवा अधिक माणसांचा जमाव टाळणे, ने-आण करणाऱ्या वाहनांत आसनक्षमतेच्या तीसचाळीस टक्केच माणसे, थुंकण्यास बंदी, कामगारांसाठी वैद्यकीय विमा. कारखान्याच्या चार भिंती डोळ्यांपुढे ठेवून केलेल्या या सूचना धक्क्यावर जशाच्या तशा उतरविताना काही गोष्टींचे भान राखावे लागते. एका धोक्यापासून वाचविताना दुसऱ्याच्या तोंडी देण्याचा प्रकार पाण्याच्या काठावर सहज घडतो.

अंतर राखण्यासाठी पाळीवर एकच माणूस ठेवणे हे त्याचे उदाहरण. रात्रीच्या वेळी नौकेचे दोर तपासण्यास एकटा गेलेला राखणदार पाय घसरून धक्का आणि नौका यांच्यामध्ये पडला तर त्याची हाक ऐकण्यास कोणी नसते. साथीत माणसे कमी करावीत, पण पाण्यालगतच्या कामावर दोनांपेक्षा कमी कधीही नसावीत, आणि ती दोन माणसे रोज तीच असावीत. जोडी बदलली नाही तर संसर्गही एका जोडीपुरता अडतो. नौकेवरील ताफ्याचेही तसेच. सारंग व खलाशी यांचे गट ठरवून ते आपसांत मिसळू न देणे हा उपाय बिनखर्ची आहे, आणि कोण कोणाच्या संपर्कात आले हे नंतर शोधताना हजेरीपट हाच दाखला ठरतो.

कठड्याला हात लावू नये असे फलक त्या काळात ठिकठिकाणी लागले. इमारतीच्या जिन्यात ते ठीक. हलत्या शिडीवरून ओहोटीच्या वेळी नौकेत उतरणाऱ्याला कठडा सोडण्यास सांगणे म्हणजे त्याला पाण्यात लोटणे होय. तेथे कठडा धरू द्यावा व उतरल्यावर हात धुण्याची सोय करावी. मद्यार्कयुक्त हातशुद्धी द्रव झटकन पेट घेतो. त्याच्या बाटल्या इंजिनखोलीत, डिझेल पंपाजवळ किंवा उन्हात तापणाऱ्या तिकीटखोलीच्या पत्र्याखाली ठेवू नयेत. अशा जागी साबण आणि पाणी हेच उत्तम. जीवरक्षक जाकिटे एकाच्या अंगावरून दुसऱ्याच्या अंगावर जात असल्याने ती साबणाच्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवावीत. तीव्र रसायनाने कापड व पट्टे कमजोर होतात आणि जाकीट दिसायला स्वच्छ पण बुडताना निरुपयोगी ठरते. संसर्गाच्या भीतीने जाकिटे कपाटात बंद ठेवणे तर सर्वथा अयोग्य. पाणबुड्याची श्वासनळी व मुखवटा हे ज्याचे त्याच्याकडे असावेत, ते सामाईक वापरूच नयेत. तोंडावरची कापडी पट्टी खाऱ्या पाण्याने भिजली की ती श्वासाला अडथळा करते. म्हणून नौकेवर प्रत्येकास दोन सुक्या पट्ट्या जादा द्याव्यात. पावसाळ्यात लाँचचे पडदे सोडले जातात आणि बैठकीची जागा बंद खोलीसारखी होते. तेव्हा उतारूंची संख्या कमी करण्याला दुसरा पर्याय नाही.

बंद पडलेले काम पुन्हा सुरू करताना अधिक जपावे लागते. ७ मे २०२० रोजी विशाखापट्टणम येथे टाळेबंदीनंतर सुरू होऊ घातलेल्या एका रासायनिक कारखान्यातून स्टायरिन वायूची गळती होऊन माणसे प्राणास मुकली. त्यानंतर दोनच दिवसांनी राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने उद्योगांसाठी सूचना काढल्या : पहिला आठवडा हा चाचणीचा समजावा आणि उत्पादनाची मोठी उद्दिष्टे ठेवू नयेत. महिनोन्‌महिने उभ्या राहिलेल्या नौकेलाही हे लागू आहे. तळाशी साचलेले पाणी व इंधनाची वाफ, गंजलेल्या साखळ्या, सैल झालेले दोर, उतरलेली बॅटरी आणि सवय मोडलेली माणसे घेऊन पहिल्याच दिवशी पूर्ण फेऱ्या करण्याची घाई करू नये. बंद कोठीत उतरण्यापूर्वी ती उघडून हवा खेळू द्यावी व वर एक माणूस उभा ठेवावा. सुट्टीच्या दिवसांच्या उत्पन्नाकडे डोळे लागलेल्या मालकाला हे जड जाते, हे खरे आहे.

जहाजांवरील खलाशांचा प्रश्न याच किनाऱ्याचा, परंतु त्याचा विस्तार जगभर आहे. २०२० च्या अखेरीस सुमारे चार लाख खलाशी करार संपूनही जहाजांवर अडकून पडले होते. एप्रिल २०२० मध्ये मरेला डिस्कव्हरी या प्रवासी जहाजावरील भारतीय कर्मचाऱ्यांना मुंबईसमोर येऊनही काही काळ घरचा किनारा दुरूनच पाहावा लागला. नौवहन महासंचालनालयाने कर्मचारी उतरविण्याची कार्यपद्धती ठरवून दिली तेव्हा ते उतरू शकले. या अनुभवातून सागरी श्रम कराराला २०२२ मध्ये दुरुस्त्या झाल्या व त्या २३ डिसेंबर २०२४ पासून अंमलात आल्या. आजारी खलाशाला किनाऱ्यावर तातडीचे उपचार मिळावेत, सुरक्षा साधने त्याच्या मापाची असावीत, या साध्या गोष्टी आता लेखी झाल्या आहेत. लाँचवरील खलाशाला हा करार लागू होत नाही. पण मापाच्या साधनांची गरज त्यालाही तितकीच आहे, हे कोणा मालकास सांगावे लागू नये.

किनाऱ्यावरच्या गावाचे काम

ग्रामपंचायतींविषयी थोडे स्पष्ट बोलणे भाग आहे. टाळेबंदीच्या पहिल्या पंधरवड्यात गुजरातच्या बंदरांतील मासेमारी नौकांवर काम करणारे डहाणू-तलासरी भागातील खलाशी नौकांतूनच घराकडे निघाले. त्यांना उतरवून घेण्यास किनाऱ्यावरील गावांतून हरकती आल्या आणि माणसे पाण्यावरच खोळंबली. भीती समजण्यासारखी होती. पण ही माणसे परकी नव्हती, परगावी मोलाने गेलेली याच मातीची लेकरे होती. त्यांना ठेवण्यासाठी शाळेची एखादी खोली, पाणी, शिधा आणि चौदा दिवस त्यांची विचारपूस करणारा शिक्षक एवढी तयारी आधीपासून असती तर सारे सुरळीत झाले असते. अनेक गावांतील शिक्षकांनी पुढे हेच काम जबाबदारीने केले. १० एप्रिलपासून सागरी मासेमारीस टाळेबंदीतून सूट मिळाली तेव्हा तर किनाऱ्यांवर लिलावाची गर्दी कशी आवरायची हा भार पुष्कळ ठिकाणी गावावरच येऊन पडला.

अडकलेल्या माणसांची संख्या कोणालाही नक्की सांगता येत नव्हती, ही त्या दिवसांतील सर्वांत मोठी अडचण. १९७९ चा स्थलांतरित कामगारांचा कायदा चाळीस वर्षे पुस्तकात होता, परंतु कोणत्या गावचा माणूस कोणत्या बंदरात कोणाच्या नौकेवर आहे याची यादी गावात नव्हती आणि बंदरातही नव्हती. असंघटित कामगारांच्या नोंदणीसाठी ई-श्रम संकेतस्थळ २६ ऑगस्ट २०२१ रोजी सुरू झाले, ते सर्वोच्च न्यायालयाच्या आग्रहानंतर. त्यावर नोंद करणे कामगाराच्या हिताचे आहेच. परंतु ती नोंद माणसाची असते, तो या घटकेला कोठे कामाला आहे हे तिच्यावरून गावाला कळत नाही.

त्यासाठी एक साधी वही पुरेशी आहे. नारळी पौर्णिमेच्या सुमारास खलाशी हंगामासाठी बाहेर पडतात तेव्हा ग्रामपंचायत कार्यालयात त्याचे नाव, नौकेचा नोंदणी क्रमांक, मालकाचे नाव व दूरध्वनी, बंदर आणि घरी निरोप कोणाला द्यावयाचा ते नाव, एवढे पाच रकाने भरून घ्यावेत. जेटी आपल्या हद्दीत असेल तर तेथे काम देणाऱ्या प्रत्येक लाँचमालकाकडून, कंत्राटदाराकडून आणि नौकातळाच्या चालकाकडून दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात माणसांची यादी मागवावी. यादीत बदली कामगार आणि रात्रीचा राखणदार यांची नावे आहेत की नाहीत हे ग्रामसेवकाने स्वतः धक्क्यावर जाऊन ताडून पाहावे, आणि हे शक्यतो सकाळी पहिली लाँच सुटण्याच्या वेळी करावे, कारण त्या वेळी सगळे जागेवर असतात.